गाईड बाजूला ठेवल्यावर: बारावीला कविता आणि कथालेखन कसे शिकवावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयात तुम्ही दोन वर्षांपासून बारावीला मराठी शिकवत आहात. कला आणि वाणिज्य मिळून वर्गात ९० विद्यार्थी आहेत आणि तासिका ४० मिनिटांची आहे. कविता वाचायला घेतली की पाच मिनिटांत कोणीतरी “सर, याचे रसग्रहण लिहून द्या” असे म्हणते, आणि कथा लिहायला सांगितली की निम्म्या वह्यांत पाऊस, अपघात आणि आजीचा मृत्यू एवढेच सापडते. अशा वर्गाला साहित्य शिकवावे की परीक्षेची तयारी करून घ्यावी, आणि सर्जनशील लेखन मुळात शिकवता येते का, असे तुम्ही विचारले आहे.

मी २७ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आहे आणि त्यांतील बहुतेक वर्षे नाशिक जिल्ह्याच्या कांद्याच्या पट्ट्यात गेली आहेत. पुढे जे लिहिते आहे ते त्या वर्गांतून आलेले आहे, म्हणून ते सगळीकडे जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणणार नाही. मुंबई-पुण्यातील विज्ञान शाखेचा वर्ग, जिथे खाजगी क्लासमुळे अर्धी मुले तासिकेला येतच नाहीत, तिथे यातले निम्मेही जमणार नाही. दहावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले मोठ्या संख्येने असतील तर सुरुवात बरीच मागून करावी लागते. प्राचार्य आणि पर्यवेक्षक वहीतील प्रश्नोत्तरे मोजत असतील तर त्याचाही विचार करावा लागतो. आणि वर्षातला काळ फार महत्त्वाचा आहे: जून ते दिवाळी या काळात मुले नवे काही करून पाहायला तयार असतात, दिवाळीनंतर मात्र त्यांच्या डोक्यात पूर्वपरीक्षा आणि बोर्ड याखेरीज काही राहत नाही आणि ते स्वाभाविकही आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. तुम्ही ती ‘साहित्य की परीक्षा’ अशी मांडली आहे. मला ती वेगळ्या ठिकाणी दिसते. सतरा वर्षांच्या मुलाने शाळेत कवितेविषयी एकच गोष्ट वर्षानुवर्षे अनुभवलेली असते, ती म्हणजे कवितेचा अर्थ कोणाकडे तरी आधीच तयार असतो, शिक्षकांकडे, गाईडमध्ये किंवा अपेक्षित प्रश्नसंचात, आणि आपले काम तो वेळेवर मिळवून नीट उतरवून घेणे एवढेच आहे. त्या मुलाने रसग्रहण लिहून मागणे याला मी आळस म्हणत नाही, कारण त्याला जो व्यवहार शिकवला गेला त्यात ही मागणी अगदी रास्त आहे. हाच मुलगा कथा लिहायला बसतो तेव्हाही तयार वस्तूच शोधतो. लिहिण्याजोगे काही आपल्या घरात, आपल्या गल्लीत असू शकते हे त्याला कोणी सांगितलेले नसते, मग त्याला मालिकेतला अपघात आठवतो किंवा निबंधाच्या पुस्तकातला पाऊस आठवतो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि वाचनासाठी एक, लेखनासाठी दुसरा असे दोन उपाय शोधण्याची गरज नाही. मी जे काही करते ते एवढेच, की मुलांना एका शब्दापाशी थांबायला लावते. वाचताना दुसऱ्याच्या शब्दापाशी आणि लिहिताना स्वतःच्या.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते सांगते. कविता घेताना कवीचा परिचय, काव्यसंग्रहांची नावे आणि मध्यवर्ती कल्पना यांपैकी काहीही मी आधी सांगत नाही. पहिले वाचन मी मोठ्याने करते, दुसरे एखादा विद्यार्थी करतो, आणि तिसऱ्यांदा सगळ्यांनी हातात पेन्सिल घेऊन मनात वाचायचे असते. या तिसऱ्या वाचनात प्रत्येकाने एकच शब्द अधोरेखित करायचा, असा शब्द की जो आपण स्वतः त्या जागी लिहिला नसता. त्यासाठी तीन मिनिटे पुरतात. मग मी फळ्यावर दहा-बारा शब्द लिहून घेते आणि त्यांतला एक निवडून दोनच प्रश्न विचारते: याच्या जागी दुसरा कोणता शब्द येऊ शकला असता, आणि तो आला तर कवितेतून काय निघून जाईल? “कवीला काय म्हणायचे आहे?” हा प्रश्न मी पहिल्या तासिकेत अजिबात विचारत नाही, कारण तो ऐकताच मुलांना गाईड आठवते.

बारावीच्या युवकभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकात कल्पना दुधाळ यांची ‘रोज मातीत’ ही कविता आहे. शेतात राबणारी बाई तीत बोलते. ती कांदे लावते असे म्हणते आणि लगेच, कांदे कुठले, जीव लावते, असे म्हणते. ‘लावणे’ हे एकच क्रियापद रोपालाही आणि मायेलाही चालते, हे मुलांच्या सहज लक्षात येते. खरी गंमत पुढे, ‘गोंदते’ या शब्दापाशी आली. काळ्या आईला ती हिरवे गोंदते असे कवितेत आहे. एका मुलाने सुचवले की ‘रंगवते’ म्हटले असते तरी अर्थ तोच राहिला असता. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कांदे लावायला जात असे आणि वर्गात एरवी कधी बोलत नसे. तिने आम्हाला लागवड समजावून सांगितली: वाफ्यात पाणी सोडून चिखल केलेला असतो, रोपांची जुडी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटाने एकेक रोप खोचत मागे सरकायचे, आणि वाफा संपेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. मग ती म्हणाली, “रंगवताना ब्रश फिरवतात मॅडम, रोप मात्र एकेक टोचावे लागते. गोंदणारी बाई सुई टोचते तसेच.”

मी ती कविता तोवर दोन वर्षे शिकवली होती आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते. पण त्या दिवशीची तासिका मला केवळ तिच्या या वाक्यामुळे आठवत नाही. लगेच दुसऱ्या एकाने हरकत घेतली की गोंदण जन्मभर राहते, कांदा तर तीन-चार महिन्यांत काढून घेतात, मग हा शब्द बरोबर कसा? त्यावर दहा मिनिटे वाद झाला आणि कोणीतरी शीर्षकातल्या ‘रोज’कडे बोट दाखवले. तेवढ्यात ‘नांदते’ हा शब्द निघाला. नांदणे हे लग्न झालेल्या मुलीविषयी बोलतात, सासरी नांदणे असे म्हणतात, हे मुलींना चांगलेच ठाऊक होते. मग मातीला आई म्हणणारी ही बाई त्याच मातीत नांदते असे का म्हणते. तिचे माहेर कोणते आणि सासर कोणते? या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, कारण माझ्याजवळ एकच एक उत्तर नव्हते आणि घंटाही झाली होती. पुढच्या तासिकेला पाच-सहा मुले आपापली उत्तरे वहीत लिहून घेऊन आली. मी ती मागितली नव्हती.

शहरातल्या वर्गात हीच कविता याच वाटेने जाणार नाही, आणि मुलांना कांदा लावण्याचा आव आणायला लावण्यात काही अर्थ नाही. तिथे वसंत आबाजी डहाके यांची ‘समुद्र कोंडून पडलाय’ ही त्याच पुस्तकातली कविता घ्यावी आणि समुद्र ‘कोंडला गेला आहे’ असे न म्हणता ‘कोंडून पडलाय’ असे का म्हटले आहे, या एका ‘पडलाय’पाशी थांबावे. उंच इमारतींमध्ये वाढलेली आणि लोकलच्या गर्दीत रोज उभी राहणारी मुले त्या क्रियापदाविषयी बरेच काही सांगू शकतात.

यानंतर लेखन. कविता शिकवून झाल्यावर तिच्यावर कविता लिहा असे मी सांगत नाही. त्यातून नक्कल तयार होते. मी घरचा अभ्यास असा देते की तुमच्या घरात किंवा घरच्या कामधंद्यात रोज वापरली जाणारी पाच क्रियापदे लिहून आणा. पहिल्या दिवशी खाणे, पिणे, झोपणे येते. दुसऱ्यांदा सांगितल्यावर पाखडणे, खुरपणे, उफणणे, टाचणे, उसवणे, थापणे, वजन मारणे, पंक्चर काढणे असे शब्द यायला लागतात आणि फळा भरतो. मग प्रत्येकाने आपल्या पाचांतले एक क्रियापद घ्यायचे, त्याचे मूळ काम कसे चालते हे चार ओळींत नेमके लिहायचे, आणि पुढच्या चार ओळींत तेच क्रियापद ज्या गोष्टीसाठी कधी वापरत नाहीत अशा गोष्टीला लावून पाहायचे. वेळ दहा मिनिटे, आणि लेखन वर्गातच. एका मुलीच्या वडिलांचे पंक्चरचे दुकान होते. हवा भरलेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून ते बुडबुडा कुठून येतो ते कसे पाहतात, हे तिने लिहिले होते, आणि पुढे लिहिले होते की आम्ही भावंडे शाळेतून आलो की आई काही विचारत नाही, ताट वाढून समोर बसते आणि बुडबुडा कुठून येतो ते बघते. त्या मुलीला दहावीला मराठीत कसेबसे उत्तीर्णांपुरते गुण होते.

सर्जनशील लेखन शिकवता येते का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर या मुलीपाशी येऊन थांबते. ती निरीक्षणशक्ती मी तिला दिलेली नाही, ती तिच्याजवळ होतीच. मात्र ती कुठे वापरायची, किती लहान जागेत वापरायची आणि कोणत्या शब्दाला धरून वापरायची, हे शिकवता येते आणि ते शिकवण्यासाठी शिक्षक स्वतः लेखक असण्याची अट नाही.

कथेच्या बाबतीत तुमची तक्रार सगळ्यांच्या कथा सारख्या असतात ही आहे. विषयांचा सारखेपणा हे त्याचे एक कारण आहे, पण शेकडो वह्या तपासल्यावर मला एक व्याकरणिक कारणही दिसले आणि ते मी इथे थोडे विस्ताराने सांगते, कारण ते फळ्यावर दाखवता येते. आमची मुले कथा रीतिभूतकाळात सुरू करतात आणि त्यातच अडकून पडतात. “आजी पहाटे उठत असे. ती अंगण झाडत असे. मग ती आम्हाला गोष्टी सांगत असे.” हे तीन पाने चालते. यात रोज काय घडे ते कळते, पण काहीच एकदा घडत नाही, आणि कथेला तर कधीतरी एकदा घडलेले काहीतरी लागते. मग शेवटच्या परिच्छेदात मुलाला घटना आणावी लागते, आणि हाताशी असलेली सर्वांत मोठी घटना मृत्यू हीच असते, म्हणून आजी मरते. हे कारण एकदा ध्यानात आल्यावर मी ‘मृत्यू लिहू नका’ अशी बंदी घालणे सोडून दिले. आता मी असे सांगते की रीतिभूतकाळातली तीन वाक्ये लिहा, चौथे वाक्य ‘त्या दिवशी मात्र’ या शब्दांनी सुरू करा, आणि त्या दिवशी फक्त एवढेच वेगळे घडू द्या की जे घरातल्या एकाच माणसाच्या लक्षात येईल. आजी त्या दिवशी अंगण झाडते, पण तुळशीपाशी थांबत नाही. हे कोणाच्या लक्षात येते? का थांबत नाही? कथा तिथून पुढे जाते, आणि आजी जिवंत राहूनही पुढे जाते.

याच जातीचे आणखी दोन सराव मी दरवर्षी घेते. एक क्रियापदाच्या जोडीचा: ‘तिने आईला सांगितले’ हे वाक्य घेऊन ‘सांगून टाकले’, ‘सांगून पाहिले’, ‘सांगून ठेवले’ आणि ‘सांगून बसली’ अशी चार वाक्ये फळ्यावर लिहायची आणि प्रत्येक वाक्याच्या आधी काय घडले असेल ते दोन ओळींत लिहायला लावायचे. पहिल्यात मन मोकळे झालेले असते, दुसऱ्यात सांगण्याचा उपयोग झालेला नसतो, तिसऱ्यात पुढचा विचार असतो आणि चौथ्यात पश्चात्ताप असतो. माहिती तीच असताना एवढा फरक पडतो हे मुलांना ठाऊक असते, कारण ती घरी असेच बोलतात. फक्त लिहिताना त्यांना आपल्या भाषेतली ही संपत्ती आठवत नाही. दुसरा सराव आदरार्थी रूपांचा आहे. वडिलांविषयीचा एखादा परिच्छेद घ्यायचा आणि ‘वडील आले’ या जागी सर्वत्र ‘बाप आला’ असे करून तो मोठ्याने वाचायचा. वर्गात एकदम शांतता होते. आई ‘येते’ आणि वडील ‘येतात’, आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’, हे आपण का करतो, आणि कोणत्या घरात वडिलांनाही ‘तू’ म्हणतात, यावर मुले पुष्कळ बोलतात. पुढे एखाद्याने कथेत पात्राच्या तोंडी तुम्हीचे तू केले तर ते जाणूनबुजून केलेले असते.

बोलीविषयीही लिहायला हवे, कारण तुमच्या वर्गात घरी एक भाषा आणि वहीत दुसरी अशी मुले नक्कीच असतील. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मुलीच्या कथेतील आजीचे सगळे बोलणे मी लाल शाईने प्रमाण मराठीत करून दिले होते. घरी ती मंडळी अहिराणी बोलत आणि तिने आजीचे बोलणे ऐकले तसे लिहिले होते. माझ्या दुरुस्तीनंतर त्या कथेतली आजी तिच्या आजीसारखी राहिली नाही, आणि त्या मुलीने वर्षभर पुन्हा काही दाखवले नाही. ती चूक माझी होती आणि तिची खंत मला अजून आहे. आता माझा नियम असा आहे: वर्गातल्या लेखनात निवेदन आणि संवाद दोन्ही बोलीत चालतील, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे आणि पात्र मात्र त्याच्या बोलीत बोलू द्यावे. हा भेद मुलांना कारणासहित सांगितला की त्यांना तो पटतो. परीक्षक अनोळखी असतो, त्याला ती बोली येत असेलच असे नाही, हे कारण त्यांना समजते. बोली अशुद्ध आहे हे कारण खोटे आहे आणि ते त्यांना देऊ नये.

९० वह्या तपासण्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो सुटला नाही तर बाकीचे सगळे दोन महिन्यांत बंद पडते, म्हणून सांगते. एका लेखनाला चार मिनिटे धरली तरी ९० लेखनांना सहा तास लागतात आणि दर आठवड्याला तेवढा वेळ कोणत्याही शिक्षकाकडे नसतो. मी आठवड्याला फक्त १५ वह्या घेते, म्हणजे तासाभराचे काम होते आणि सहा आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. बाकीची मुले त्या आठवड्यात शेजाऱ्याला आपले लेखन वाचून दाखवतात; ऐकणाऱ्याने फक्त आपल्या लक्षात राहिलेले एक वाक्य सांगायचे असते, सल्ला द्यायचा नसतो. माझ्याकडे आलेल्या वहीत मी एक चांगले वाक्य अधोरेखित करते आणि समासात एक प्रश्न लिहिते, उदाहरणार्थ “दुकान बंद झाल्यावर त्या रात्री वडील जेवले का?” पहिल्या खर्ड्याला गुण देत नाही. शुद्धलेखनाच्या चुका दाखवते, पण एका वेळी एकाच प्रकारच्या. या महिन्यात ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या महिन्यात विरामचिन्हे. दुसरा खर्डा सक्तीने लिहून घेते तो वर्षातून दोनदाच. लेखन वर्गात, हाताने आणि लहान प्रमाणात होत असल्यामुळे मोबाइलवरून तयार मजकूर उतरवून आणण्याचा प्रश्नही फारसा उरत नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने लक्षात ठेवावी. मुलांना स्वतःच्या घराकडे पाहायला सांगितले की कधीकधी वहीत मारहाण, छळ, जीव नकोसा झाल्याची भावना असे काही येते. त्याला कथा समजून शैलीविषयी शेरा मारणे हे फार मोठे दुर्लक्ष ठरेल. म्हणून जूनमध्येच मी वर्गाला स्पष्ट सांगते की तुम्ही लिहिलेले मी इतरांना वाचून दाखवणार नाही, पण कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षेला धोका आहे असे त्यात दिसले तर मी ते गुप्त ठेवणार नाही, आधी तुमच्याशी एकटीने बोलेन आणि मग मदत मागेन. बारावीतील बहुतेक मुले वर्षाच्या सुरुवातीला १८ वर्षांच्या आतील असतात, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे २०१२च्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मी वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. जे मूल स्वतःविषयी लिहू इच्छित नाही त्याला कल्पित पात्राविषयी लिहिण्याची मुभा नेहमीच असावी आणि त्याचे कारण विचारू नये.

आता परीक्षेविषयी. बारावीच्या मराठीला लेखी ८० आणि तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, आकलनाच्या कृतींबरोबर स्वमत, अभिव्यक्ती, काव्यसौंदर्य, उपयोजित मराठी आणि निबंध हे सगळे येते, आणि यांपैकी पाठांतराने पूर्ण गुण मिळतील असे फारच थोडे आहे. अडचण अशी की ज्या मुलाने कवितेत स्वतः काही पाहिले आहे त्यालाही ते परीक्षेच्या उत्तरात कसे बसवावे हे आपोआप येत नाही. ते वेगळे शिकवावे लागते आणि ते शिकवण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. दिवाळीनंतरचे तीन आठवडे मी त्यासाठीच ठेवते: उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत आशय, मग कवितेतील दोन शब्दांचा नेमका उल्लेख, त्यांचा परिणाम, आणि शेवटी आपले मत. ‘गोंदते’वर वाद घातलेल्या मुलीला हा साचा दिला की तिच्याजवळ त्यात भरायला स्वतःचे काहीतरी असते. माझ्या वर्गांचे बोर्डातले गुण या पद्धतीने कमी झाले नाहीत. फार मोठी झेप घेतली असेही म्हणणार नाही. चांगले गुण मिळवणारी मुले पूर्वीही मिळवत होती, बदल प्रामुख्याने मधल्या आणि मागच्या बाकांवर झाला, कारण पूर्वी कोरी सोडली जाणारी स्वमताची जागा ती मुले आता भरू लागली.

उपयोजित मराठीकडे बरेच शिक्षक शेवटच्या महिन्यात उरकायचा भाग म्हणून पाहतात, आणि मला वाटते तिथे मोठी संधी वाया जाते. मुलाखत, वृत्तलेख, अहवाल, माहितीपत्रक हे घटक मुलांना वर्गाबाहेर जायचे अधिकृत निमित्त देतात. मुलाखतीचा घटक मी जुलैतच घेते आणि प्रत्येकाला आपल्या गावातील अशा एका माणसाला पाच प्रश्न विचारायला पाठवते की ज्याला कोणी कधी काही विचारलेले नाही: पिठाच्या गिरणीवाला, बाजार समितीतला मापाडी, एसटी स्थानकावरचा वाहतूक नियंत्रक, सुईण म्हणून काम केलेली म्हातारी. त्या माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवून आणायचे असतात. पुढे कथालेखनाला हीच वही कामाला येते, कारण संवाद कसा लिहावा हे मुलांना मी सांगण्यापेक्षा त्या मापाड्याकडून जास्त चांगले कळलेले असते.

यात एक अपवाद मी नेहमी ठेवते. तुमच्या वर्गात अशी काही मुले असतील की जी रात्री पेट्रोल पंपावर किंवा कांद्याच्या खळ्यावर काम करून सकाळी येतात. त्यांना तयार उत्तरे हवी असतात तेव्हा त्यांच्यासमोर वाचनसंस्कृतीविषयी बोलणे मला अन्यायाचे वाटते. त्यांना मी नेमक्या, लहान टिपणांचा संच देते आणि दहा मिनिटांच्या वर्गलेखनाला मात्र बसायला सांगते, कारण त्याला घरी वेळ द्यावा लागत नाही. त्यांतली काहीजण सर्वांत चांगले लिहितात.

सुरुवात करायची असेल तर सगळे एकदम करू नका. पहिल्या महिन्यात फक्त एक कविता, एका शब्दाच्या पद्धतीने, आणि त्यानंतर क्रियापदांचे दहा मिनिटांचे लेखन, एवढेच करा. बाकीचे धडे तुम्ही आतापर्यंत घेत आलात तसेच घ्या. “कोणता शब्द तुम्ही लिहिला नसता?” असे पहिल्यांदा विचाराल तेव्हा बहुधा कोणीही बोलणार नाही आणि ती शांतता तुम्हाला फार लांब वाटेल. तेव्हा स्वतः उत्तर देऊ नका. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिते, हजेरीपत्रक नीट करते, आणि तेवढ्यात कोणीतरी बोलते. पहिला शब्द चुकीचा वाटला तरी तो फळ्यावर लिहा, कारण पुढचा हात त्यावरूनच वर होतो. दुसऱ्या वेळेस शांतता निम्मी झालेली असेल.

तुमच्या भागात मुले घरी कोणती बोली बोलतात आणि बहुतेकांच्या घरी कोणते काम चालते, हे तुम्ही लिहिलेले नाही. तेवढे कळवले तर युवकभारतीतली कोणती कविता पहिल्यांदा घ्यावी हे मला अधिक नेमके सांगता येईल.